कमरेवरचा हात

आमची वहिनी नवी नवरी म्हणून घरात आली तेव्हा आईने माझ्या कानात सांगितलं होतं, "ही काही बसायची नाही. उभ्यानं आली, उभीच राहील." आईची बरीचशी भाकितं फसतात, हे तेवढं खरं निघालं. वहिनी चहा उभ्याने प्यायची, फोनवर बोलताना खिडकीपासून दारापर्यंत येरझाऱ्या घालायची, आणि कधी सिनेमा बघायला बसलीच तर मध्येच उठून कपाट आवरायला लागायची. माझा दादा याच्या अगदी उलट. तो फर्निचरच्या कारखान्यात सुतार आहे. दिवसभर खुर्च्या बनवतो आणि घरी आला की त्यांतल्याच एकीत मावळतो. दोघांचं जमलं कसं, देव जाणे. पण जमलं खरं.

वहिनीची नोकरीही उभ्याचीच होती. बँकांची आणि मोठ्या दुकानांची रोकड ने-आण करणाऱ्या जाळीच्या गाडीवर ती पहारेकरी होती. गाडीत एक ड्रायव्हर, पेट्या उचलणारा एक हमाल, आणि कमरेला पिस्तूल लावून वहिनी. गाडी थांबली की आधी हिने उतरायचं, रस्ता दोन्ही बाजूंनी न्याहाळायचा आणि पेटी आतबाहेर होईपर्यंत दाराशी पाय रोवून उभं राहायचं. अख्ख्या कंपनीत पिस्तूलवाली बाई ही एकटीच. तिला त्याचा अभिमान होता, आणि तिच्यापेक्षा जास्त आईला. शेजारणी आपापल्या सुनांचं कौतुक करायला लागल्या की आई सगळं ऐकून घ्यायची आणि शेवटी एवढंच म्हणायची, "आमचीला परवाना आहे."

एकच गोष्ट वहिनीला छळायची. होल्स्टर. म्हणजे पट्ट्यात ओवून कमरेला लावायचं पिस्तुलाचं म्यान. कंपनीने दिलेलं होल्स्टर पुरुषाच्या सरळसोट कमरेसाठी कापलेलं होतं. बाईच्या कमरेवर ते खालून बाहेर ढकललं जायचं, वरून आत कलायचं, आणि पिस्तुलाची मूठ बरगडीत रुतायची. तिथे तिला कायमचा एक काळानिळा डाग होता. पट्टाही लांबडा. तिने खिळ्याने भोकं पाडून तो आवळला होता आणि उरलेलं टोक मागे शेपटीसारखं लोंबायचं. तिने साहेबांना सांगून पाहिलं. साहेब म्हणजे त्यांचा सुपरवायझर. माणूस वाईट नव्हता, पण पाय दुखोत की पोट, त्याच्याकडे औषध एकच: "सवय होईल."

मग ती दुपार आली.

सुट्टीच्या आदल्या दिवशीची गर्दी होती. एका मोठ्या दुकानाच्या दाराशी वहिनी उभी होती आणि हमाल पेटी घेऊन बाहेर येत होता. मागून कुणीतरी अंगावर आलं. वहिनीला वाटलं, गर्दीचा धक्का. तेवढ्यात कमरेला हिसका बसला. होल्स्टरचं झिजलेलं बटण सुटलं होतं, पिस्तूल अर्धंअधिक बाहेर आलं होतं आणि त्याच्या मुठीवर परका हात होता. वहिनीने वरून आपला हात दाबला. तो ओढतोय, ही दाबतेय, आणि सैल पट्टा कमरेभोवती गरगर फिरतोय. ड्रायव्हरने भोंगा वाजवला, हमालाने पेटी टाकून धाव घेतली, आणि तो माणूस हात सोडवून गर्दीत दिसेनासा झाला. गोळी सुटली नाही. कुणाला साधा ओरखडासुद्धा आला नाही. वहिनीने पिस्तूल म्यानात घातलं, पेटी गाडीत चढवून घेतली आणि राहिलेले सगळे थांबे पुरे केले. पोलिसांनी कॅमेरे तपासले. टोपीखाली चेहराच दिसेना. कंपनीत सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. साहेब म्हणाले, "बघा, सवय झाली की सगळं जमतं."

घरी तिने हे जेवताना सांगितलं, बस चुकल्यासारखं. आई घास हातात घेऊन तशीच बसून राहिली. दादा म्हणाला, "सोड ती नोकरी."

वहिनी म्हणाली, "मीठ सरकवा जरा."

पण त्या दिवसापासून तिचा उजवा हात तिचा राहिला नाही. कणीक मळता मळता हात कमरेला जायचा. तिच्या प्रत्येक कुर्त्यावर उजव्या बाजूला पिठाचा पंजा उमटलेला असायचा. भाजी चिरताना, जिना चढताना, दुकानाच्या रांगेत, तोच प्रकार. घरात पिस्तूल कधी नसायचंच. संध्याकाळी ते कंपनीच्या कपाटात जमा व्हायचं. तरी हात जायचा, चाचपायचा, काही सापडलं नाही की दचकायचा आणि मग ओशाळून परत यायचा.

"कमरेत उसण भरली असेल तर सांग, शेकून देते," आई म्हणाली.

"नाही हो आई."

"मग तिथं आहे तरी काय?"

"काही नाही."

"काही नाही, तर इतक्या वेळा बघायला कशाला जातेस?"

वहिनीच्या मते दुखणं अगदी साधं होतं. म्यान वाईट म्हणून हात जातो. म्यान घट्ट असेल, कमरेला बसेल, तर हात कशाला जाईल? बाजारात बाईच्या कमरेचं होल्स्टर कुठेच मिळेना. तेव्हा एका संध्याकाळी तिने जाहीर केलं, "मीच करते." आम्ही तिघंही तिच्याकडे बघत राहिलो. ही बाई शर्टाचं बटणसुद्धा दादाकडून लावून घ्यायची.

कारखान्यातल्या सोफ्यांच्या चामड्याचे तुकडे दादाने आणून दिले. त्यांचं तिने जे काही शिवलं ते मोज्यासारखं लुळं पडलं. मापाला खरं पिस्तूल घरी आणणं शक्य नव्हतं, म्हणून तिने आठवणीने आकृती काढली आणि दादाने सागवानाच्या तुकड्यातून पिस्तूल कोरलं. दादाने कोरलं म्हणजे ते खऱ्याहून खरं झालं. पॉलिश वाळायला म्हणून त्याने ते दाराजवळच्या स्टुलावर ठेवलं, आणि नेमका विजेचं मीटर वाचणारा आला. त्याने स्टुलाकडे पाहिलं, युनिफॉर्ममधल्या वहिनीकडे पाहिलं, आणि "राहू दे, पुढच्या वेळी बघू," म्हणत उलट्या पावलांनी जिना उतरून गेला.

मी औषधांच्या दुकानात काउंटरवर असते. आमच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर वाचनालय आहे, आणि तिथल्या मागच्या खोलीत दर रविवारी चामड्याच्या वस्तू करायला शिकवण्याचा छंदवर्ग चालतो, असं मला एका गिऱ्हाइकाकडून कळलं. शिकवणारे दातांचे निवृत्त डॉक्टर. आयुष्यभर लोकांच्या तोंडात बारीक कामं केली. आता हात रिकामे बसेनात म्हणून हा उद्योग. वहिनीला मीच घेऊन गेले. खोलीत एक बाई पाकीट शिवत होत्या, एक गृहस्थ आपल्या कुत्र्याचा पट्टा करत होते, आणि डॉक्टर त्यांच्या खांद्यावरून वाकून विचारत होते, "दुखतंय का? नाही ना? मग दाबा अजून."

"मला होल्स्टर करायचंय," वहिनीने दारातूनच सांगितलं.

"आधी बेल्ट."

"बेल्ट आहे माझ्याकडे. मला होल्स्टर पाहिजे."

डॉक्टरांनी चष्मा कपाळावर चढवला. "होल्स्टर अडकवणार कशात?"

"पट्ट्यात."

"आणि पट्टाच फिरला तर?"

वहिनीचा हात कमरेला गेला. खुर्ची ओढली, पण बसली नाही.

तिने बेल्ट करायला घेतला. लागायचं ते चामडं सोफ्याचं नव्हे, झाडाच्या सालीत कमावलेलं, जाड आणि ताठ. ओलं केलं की वळतं आणि वाळलं की तो आकार धरून राहतं. त्यातून लांबलचक सरळ पट्टी कापायची. ऐकायला सोपं वाटतं. वहिनीची पट्टी दर वेळी मध्येच नागिणीसारखी वळायची, कारण कापता कापता हिचं लक्ष मागे. मागून कुणी खुर्ची सरकवली की सुरी थांबायची आणि तिथे खाच पडायची.

"थांबू नका," डॉक्टर म्हणायचे. "सुरी थांबली की कडेला दात येतो. आणि दात आला की तो काढायला मी आहेच, पण चामडं वाया जातं."

मग टाके. एकाच दोऱ्याच्या दोन टोकांना दोन सुया. आरीने भोक पाडायचं, आणि त्या एकाच भोकातून एक सुई इकडून, दुसरी तिकडून. वहिनी दोरा असा खेचायची की चामड्याला सुरकुत्या पडायच्या. डॉक्टर हळहळायचे, "अहो बाई, तुम्ही दाढ उपटताय! टाका घालायचाय, टाका!" हे काम लाकडी चिमट्यात चामडं पकडून, तो गुडघ्यांत धरून बसून करायचं असतं. ते तर हिला जमणारच नव्हतं. शेवटी दादाने तिला छातीइतक्या उंच खांबावर चिमटा बसवून दिला, आणि आमच्या बाहेरच्या खोलीत ती उभ्याने शिवायला लागली. टाका घातला की एक फेरी खिडकीपर्यंत. परत टाका. आई म्हणायची, "हिचा बेल्ट पुरा होईपर्यंत ही पायी परदेशात पोचेल."

घराला चामड्याचा आणि मेणाचा वास यायला लागला. चहाच्या गाळणीत एकदा मेणाचा गोळा सापडला. तिच्या बोटांसाठी मी दुकानातून चिकटपट्ट्या आणायची. त्यांचा पुडा संपला की समजायचं, काम जोरात आहे. पण बेल्ट झाला. दोन थर चिकटवून शिवलेला, कडा लाकडाने घासून घासून गुळगुळीत केलेल्या. तिने तो बांधला आणि दादाला म्हणाली, "ओढा." दादाने ओढला, वहिनी हलली, बेल्ट हलला नाही. त्या दिवशी पहिल्यांदा तिला चहा बसून पिताना पाहिलं. अर्धा कप.

मग होल्स्टर. चामडं कोमट पाण्यात बुडवायचं, लाकडी पिस्तुलावर ताणून बसवायचं, गुळगुळीत हाडाने दाबून दाबून आकार उठवायचा आणि सावलीत सावकाश वाळू द्यायचं. सावकाश हा शब्द वहिनीच्या कोशात नाही. तिने ते हीटरसमोर ठेवलं. चामडं आकसलं, खडखडीत झालं आणि लाकडी पिस्तूल आत जे गच्च बसलं ते निघेचना. दादाने मूठ धरली, वहिनीने म्यान धरलं, आणि दोघं दोन टोकांनी ओढायला लागली. आई पदर तोंडाला लावून हसत होती, मीही हसत होते. एकदम पिस्तूल निसटलं, दादा पाठीवर आपटला आणि पडल्यापडल्या ते हातात नाचवत म्हणाला, "हँड्सअप!" नळी आईकडे होती.

वहिनी हसली नाही. ती गॅलरीत गेली. मी मागोमाग गेले. ती कठड्याला दोन्ही हातांनी धरून उभी होती, उजवा हात सुटू नये म्हणून बोटं घट्ट आवळून.

"त्या दिवशी माझं बोट त्याच्या बोटावर होतं," ती म्हणाली. "तो ओढत होता, मी दाबत होते, आणि नळी फिरली, वन्सं. समोर एक म्हातारे गृहस्थ पायरीवर पाय ठेवून बुटाची नाडी बांधत होते. नळी सरळ त्यांच्या डोक्यावर. त्यांनी गाठ मारली, पाय आपटून बघितला आणि निघून गेले. त्यांना माहीतसुद्धा नाही."

"पण झालं काही नाही ना."

"नाही झालं." ती म्हणाली. "झालं असतं तर कुणीतरी मला बोललं असतं. इथे नुसत्या टाळ्या वाजवल्या."

मी तिच्या शेजारी उभी राहिले. खाली कुणीतरी सायकल धूत होतं. आत आई दादाला चांगलीच झापत होती, "खेळ आहे का तो? कुणावर रोखतोस?"

दुसऱ्या दिवशी वहिनीने नवं चामडं भिजवलं. कितीतरी होल्स्टरं झाली. एक तिरकं, एक ढिलं, एकाची शिवण बाहेर आली. डॉक्टर आता तिला दाढेवरून बोलत नसत. दुरून बघायचे आणि मान हलवायचे. शेवटी जे झालं ते खरोखर देखणं होतं. वरच्या अंगाला, पट्ट्यामागे, तिने चामड्याची एक पाचर बसवली होती, त्यामुळे मूठ बरगडीपासून बाहेर राहायची. वरून आडवा पट्टा, आणि तो उघडायचा तर फक्त घालणाऱ्याच्या अंगठ्याने, आतल्या बाजूने. मागून कुणाला कळणारही नाही.

साहेब आधी ऐकेनात. युनिफॉर्म म्हणजे युनिफॉर्म, वगैरे. वहिनीने रिकामं पिस्तूल घालून त्यांच्याकडे पाठ केली आणि म्हणाली, "काढून दाखवा." साहेबांनी एका हाताने ओढलं, मग दोन्ही हातांनी. वहिनी दोन पावलं मागे सरकली, पिस्तूल नाही.

"हे तुम्ही केलंत?" साहेब धापा टाकत म्हणाले. "कुणाला विचारून?"

"बरगडीला."

परवानगी मिळाली. डाग हळूहळू पिवळा पडला आणि गेला. ड्रायव्हर, हमाल, सगळे कौतुकाने हात लावून बघायचे. आईने शेजारणींना सांगितलं, "परवाना तर आहेच, आता म्यानही घरचं." सगळं जिथल्या तिथे बसलं होतं.

फक्त हात बसला नव्हता. तो आधीसारखाच जात होता. उलट आता त्याला तिथे पोचायला सोपं झालं होतं. अंगठा आपोआप पट्ट्यावर टेकायचा. मी एकदा विचारलं, "अजून?" तर म्हणाली, "नवीन आहे ना म्यान. सवय होईल." आणि आपण कुणाचं वाक्य बोललो हे लक्षात येऊन तिचं तिलाच हसू आलं. ते हसू काही धड नव्हतं.

त्यानंतरची गोष्ट मला तिने सांगितली आणि पुढे कधीतरी ड्रायव्हरनेही. एका बँकेसमोर ती उभी होती. मागून एका बाईने तिच्या कोपराला हात लावला. बाजारातून आलेली बाई, दोन्ही हातांत पिशव्या, तिला टॅक्सी कुठे मिळेल ते विचारायचं होतं. तिचा प्रश्न संपायच्या आत म्यानावरचा आडवा पट्टा उघडला होता आणि पिस्तूल म्यानातून वर उचललं गेलं होतं. वहिनीला उचललेलं आठवत नव्हतं. हातात वजन आलं तेव्हाच कळलं. तिने ते खाली ढकललं, डाव्या हाताने टॅक्सीचा थांबा दाखवला, आणि ती बाई "देव भलं करो" म्हणत निघून गेली.

परतताना ड्रायव्हर आरशातून बघत म्हणाला, "बाई, मघाशी पट्टा उघडा होता."

"माहीत आहे," वहिनी म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने पिस्तूल कपाटातून घेतलंच नाही. सरळ साहेबांच्या खोलीत गेली आणि म्हणाली, "मला पिस्तुलाच्या कामावरून काढा. कुठल्याही गेटवर टाका."

साहेब चक्रावले. "आता? इतकी भांडलात, सगळं नीट बसलं, आणि आता?"

"म्यान नीट बसलंय, साहेब. माझं बसत नाही."

तिने झालं ते सगळं सांगितलं, पिशव्यावाल्या बाईचं आणि नाडी बांधणाऱ्या म्हाताऱ्यांचंही. साहेब बराच वेळ पेन उघडत-मिटत राहिले. सवय होईल, असं मात्र या वेळी म्हणाले नाहीत.

तिची बदली एका हॉस्पिटलच्या गेटवर झाली. शिट्टी, टॉर्च, आणि भेटायला येणाऱ्यांना वेळ संपल्याचं सांगण्याचं काम. घरात दोन तट पडले. नोकरी सोड म्हणणारा दादा खूश. आई रुसली. "एवढा परवाना आणि बसली शिट्टी वाजवत," म्हणाली, आणि मग मी तिला गॅलरीतली सगळी हकिगत सांगितली तेव्हा गप्प झाली. त्या संध्याकाळी आईने वहिनीचा चहा तिला उभ्यानेच नेऊन दिला आणि स्वतःही तिच्याशेजारी उभी राहून प्यायली.

वाटलं होतं, आता थांबेल. थांबलं नाही. हॉस्पिटलच्या गेटवर कुणी धावत आलं की हात जायचा, आणि तिथे तर लोक धावतच येतात. घरी आली की ती खोल्या मोजत फिरायची. दादा म्हणाला, मनाच्या डॉक्टरला दाखवू. तिने हो म्हटलं, गेलीही, आणि अजून जाते. तिथेही म्हणे उभ्यानेच बोलते. होल्स्टरला तिने हात लावणं सोडलं. पण पट्ट्या कापायची. बेल्ट करायची. आमच्या मजल्यावरच्या सगळ्या पुरुषांच्या पँटी आमच्या वहिनीने सावरून धरल्या आहेत, असं दादा म्हणतो. कापताना सुरी थांबवायची नसते, म्हणून तेवढा वेळ तिचा उजवा हात कामात असायचा. एक पट्टी कापून होईपर्यंतची ती शांतता. मग परत येरझारा.

एक दिवस साहेबांचाच फोन आला. गाडीवर नवी मुलगी घेतली होती. "तुम्ही ठेवून गेलेलं म्यान तिला बसेना, आणि कंपनीचं रुततं. एखादं करून द्याल का?"

"नाही," वहिनी म्हणाली आणि फोन ठेवला.

त्या रविवारी मुलगी स्वतःच घरी आली. इतकी बारीक की आईने तिचं नाव तिथल्या तिथे टाचणी ठेवून टाकलं. तिने सदरा जरा वर करून बरगडी दाखवली. तिथे काळानिळा डाग. वहिनी बघत राहिली आणि मग टेप आणायला आत गेली.

होल्स्टर झालं. पण वरचा पट्टा तिने बदलला. नुसत्या अंगठ्याने उघडणार नाही. आधी दाबायचं, मग मागे सारायचं, दोन वेगळ्या हालचाली. टाचणी म्हणाली, "ताई, हे तर उशीर लावतं."

"लावू दे. तेवढ्यात तुला कळेल, आपण काय करतोय ते."

मग तिने बाहेरच्या खोलीतल्या खुर्च्या भिंतीला लावल्या, टाचणीला मध्ये उभं केलं आणि आम्हाला कामाला लावलं. आम्ही म्हणजे गर्दी. मी मागून धक्का द्यायचा, दादाने लाकडी पिस्तुलाला हात घालायचा, आईने पिशवी घेऊन कोपराला स्पर्श करून पत्ता विचारायचा. आईला तर हे काम इतकं आवडलं की ती दर वेळी नवा पत्ता विचारायची, मधूनच "गुडघ्याचे डॉक्टर कुठे बसतात?" असं खरंच विचारून घ्यायची. वहिनी भिंतीशी उभी राहून फक्त टाचणीच्या उजव्या हाताकडे बघत होती.

"गेला. परत."

परत धक्का, परत पत्ता.

"परत गेला. आधी मान वळव. माणूस बघ. हात नंतर."

टाचणी घामाघूम झाली. शेवटी चिडून म्हणाली, "ताई, तुम्ही होल्स्टर तपासताय की मला?"

"तुला. होल्स्टर झालंय."

आईने पुन्हा तिच्या कोपराला हात लावला. टाचणीने मान वळवली, आईकडे पाहिलं आणि म्हणाली, "सरळ जा आजी, डावीकडे." हात जागच्या जागी होता. दादाने टाळ्या वाजवायला हात उचलले, पण वहिनीने त्याच्याकडे असं बघितलं की ते तसेच खाली आले.

टाचणी कामावर रुजू झाली. काही आठवड्यांनी एका संध्याकाळी दारात उभी. काही झालं नव्हतं. दुकानापाशी एक दारुडा अंगावर आदळला होता, तिने त्याला बघितलं, बाजूला केलं, संपलं. साहेबांनी शाबासकीसुद्धा दिली. "हात गेला नाही, ताई," ती म्हणाली. "पण घरी गेले तर एका जागी बसवेना. आई म्हणते, काय झालंय? काही झालेलं नाही, तर सांगू काय?"

वहिनीने तिला आत घेतलं. बस म्हणाली नाही. टेबलावर चामड्याचा लांब तुकडा पसरलेला होता, त्यावर आखायची पट्टी लावली आणि सुरी तिच्या हातात दिली.

"इथून सुरू कर आणि थांबू नकोस. कुणी हाक मारली तरी."

टाचणीने श्वास धरून सुरी ओढली. पट्टी निम्म्यापर्यंत सरळ गेली आणि मग भलतीकडेच वळली. ती ओशाळून बघायला लागली.

"चालेल," वहिनी म्हणाली. "आईंच्या पिशवीला बंद होईल."

"बरोबर," आई आतून ओरडली. "या घरात जे वाकडं निघेल ते माझ्या वाट्याला."

टाचणी हसली, आणि वहिनीने पुढच्या पट्टीची रेघ आखायला घेतली.